अतिदक्षता विभागाबाहेरची वही

गंभीर आजाराच्या काळात समुपदेशनासाठी येणारे नातेवाईक एक प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत विचारतात. आपला माणूस आत जीवन-मरणाच्या सीमेवर असताना बाहेर बसून पैशांचा हिशेब करणे हा स्वार्थ नव्हे का? ज्यांना हा प्रश्न छळतो ते तो सहसा सरळ विचारत नाहीत. आधी झोप लागत नाही म्हणतात, मग घास उतरत नाही म्हणतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत मान खाली घालून पैशांपाशी येतात. त्यांच्यासाठी एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि ‘जीबीएस’ हे नाव घरोघरी पोहोचले. त्यानंतर काही महिन्यांनी फलटण तालुक्यातील ३८ वर्षांचे एक गृहस्थ पुण्यातील एका रुग्णालयात दाखल झाले. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन ते चालवीत असत आणि ती व्हॅन कर्जावर घेतलेली होती. सोमवारी पायांना मुंग्या आल्या, मंगळवारी जिना चढवेना, बुधवारी क्लच दाबवेना आणि शुक्रवारी रात्री श्वास अपुरा पडू लागल्याने व्हेंटिलेटर लावावा लागला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेक रुग्ण त्यातून बाहेर येतात, परंतु त्याला आठवडे, कित्येकदा महिने लागतात. दुबळेपणा वाढायचा थांबल्यानंतरही रुग्ण बरेच दिवस आहे त्याच स्थितीत राहतो आणि घरच्यांचा धीर नेमका त्या दिवसांत सुटतो.

त्यांच्या पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहेत. अतिदक्षता विभागाबाहेर चटईवर त्या बसलेल्या असत आणि मी दिसताच मांडीवरची शंभर पानी वही पदराखाली सरकवीत. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हणाले होते, “पैशांचं नंतर बघू, आधी तुम्ही मन शांत करा.” आज मला ते वाक्य चुकीचे वाटते. त्यांच्या मनाला शांतता न मिळण्याचे निम्मे कारण त्या वहीत होते आणि मी तीच बाजूला ठेवायला सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ती माझ्यापुढे उघडली. औषधांची बिले टाचणीने लावलेली होती, खाली बारीक अक्षरात ‘चहा १०, रिक्षा ८०, मोसंबी ६०’ असे लिहिलेले होते आणि मोसंबीवर काट मारली होती, कारण नळीतून अन्न घेणाऱ्या माणसाला मोसंबी चालत नाही हे त्यांना घेतल्यावर कळले होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, धनी आत असे पडल्यात आन् मी हितं पैसे मोजतीया. माझं काळीज दगडाचं हाय का?”

मी त्यांना सांगितले की ही वही म्हणजे तुमची सेवाच आहे. डॉक्टर आत रक्तदाब लिहून ठेवतात, तुम्ही बाहेर घराचा श्वास किती दिवस पुरेल ते लिहून ठेवता. पैशांचा विचार मनात आला म्हणून माया आटत नाही. माया आहे म्हणूनच हा माणूस घरी परतेल तेव्हा घर उभे असले पाहिजे, असे वाटते. त्या बराच वेळ रडल्या आणि मी त्यांना रडू दिले.

खरी गुंतागुंत दुसरीकडे होती. धाकटा दीर दिवसरात्र धावपळ करीत होता, पण खर्चाचा विषय निघाला की “वहिनी, तुम्ही काळजी करू नका” एवढेच म्हणून उठून जात असे. वहिनींना वाटे, दीर काही लपवीत आहे. दिराला वाटे, वहिनींना आकडा कळला तर त्या खचतील. सासूबाईंचे म्हणणे, पोराच्या जिवापुढे रान काय चीज आहे, वीस गुंठे विकून टाका. जाऊबाई गप्प होत्या, आणि अशा वेळी घरातल्या गप्प माणसाकडे मी आवर्जून पाहते. मी चौघांना एकत्र बसवले तेव्हा त्याच प्रथम बोलल्या: दिराने सावकाराकडून महिना शेकडा पाच दराने दोन लाख रुपये उचलले होते. म्हणजे नुसते व्याज महिन्याला दहा हजार, आणि अंगणवाडीच्या मानधनावर चालणाऱ्या घरात ते कोण भरणार, याचा विचार कोणीच केला नव्हता. महाराष्ट्रात सावकारीला २०१४ च्या अधिनियमानुसार परवाना लागतो आणि व्याजदरालाही मर्यादा आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. मी दिराला दोष दिला नाही. भावासाठी रात्री अकरा वाजता पैसे उभे करणारा माणूस कायदा वाचत बसत नाही. परंतु त्याने एकट्याने वाहिलेले ओझे सगळ्यांच्या समोर ठेवायला हवे होते आणि ते त्या दिवशी ठेवले गेले.

एका गोष्टीची मला आजही हळहळ वाटते. घरात केशरी रेशनकार्ड होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आता राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना मिळू शकतो आणि संरक्षणाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांची आहे. पण ही योजना रोकडविरहित आहे. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, नोंद होऊन मंजुरी मिळावी लागते. आधी खिशातून भरलेली बिले नंतर परत मिळतील, या भरवशावर राहता येत नाही. या कुटुंबाने पहिले तीन दिवस विचारणाच केली नव्हती, कारण ‘मोफत’ म्हटले की उपचारही हलके मिळतील, अशी दिराची समजूत होती. चौथ्या दिवशी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन ते आरोग्यमित्राच्या टेबलापाशी गेले आणि पुढचे उपचार योजनेत बसले. तातडीच्या वेळी कागदपत्रे हाताशी नसली, तरी आरोग्यमित्राला लगेच गाठावे, एवढे तरी प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. ज्यांचे रुग्णालय सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे आहे, त्यांनी तेथील समाजसेवा विभागात धर्मादाय खाटांविषयी विचारावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला चालतो. हे मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ती भीक नव्हे.

उपचारांच्या निवडीतही अपराधीपणा शिरतो. या आजारावर इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने देतात, किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलतात. डॉक्टरांनी या रुग्णासाठी प्लाझ्मा बदलण्याचे ठरवले. ते स्वस्त आहे असे कळताच सासूबाई म्हणाल्या, “पैशापायी पोराला हलकं औषध देतायत.” मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी स्वतः येऊन समजावले की वेळेत दिले तर दोन्ही उपचारांचा परिणाम सारखाच आढळला आहे. महाग तेच गुणकारी, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि धास्तावलेल्या कुटुंबाला ती भलत्या खर्चात लोटते. म्हणून मी नातेवाइकांना सांगते की, “दुसरा पर्याय कोणता आणि दोन्हींत फरक काय?” हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

राहिला प्रश्न रुग्णाला सांगण्याचा. या आजारात अंग लुळे पडते, पण माणूस पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो आणि सगळे ऐकतो. घरच्यांनी त्यांच्यापाशी पैशांविषयी अवाक्षर काढायचे नाही असे ठरवले होते. मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून ‘रान’ आणि ‘सावकार’ हे शब्द दोनदा तरी उच्चारले गेले होते. परिचारिकेने डोळ्यांतून पाणी येताना पाहिले आणि मला कळवले. मग आम्ही पुठ्ठ्यावर मुळाक्षरे ठळक लिहिली. एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचे, हवे ते अक्षर आले की त्यांनी पापण्या मिटायच्या, काना-मात्रा आपण समजून घ्यायची. पत्नीने बोट फिरवले. ‘ह’ला पापण्या मिटल्या. ‘प’ला मिटल्या. ‘त’ला मिटल्या. हप्ता. व्हॅनचा हप्ता दहा तारखेला जायचा होता आणि तो माणूस नळ्यांच्या जंजाळात तारखा मोजत पडला होता.

पत्नीने वही आत नेली. व्हॅन दुसऱ्या चालकाला महिन्याने चालवायला दिली आहे, कर्ज देणाऱ्या कंपनीला अर्ज दिला आहे, रुग्णालयाचा पुढचा खर्च योजनेत आहे आणि रान विकलेले नाही, हे त्यांनी एकेक ओळ वाचून सांगितले. सावकाराचे दोन लाखही सांगितले. त्यावर मी आधी बिचकले होते, पण त्या ठाम होत्या. पतीने पापण्या मिटून घेतल्या आणि बराच वेळ उघडल्या नाहीत. परिचारिका म्हणाली की ते झोपले.

पाच महिन्यांनी ते वॉकर घेऊन फेरतपासणीला आले. पायांत अजून जोर नव्हता आणि व्हॅन चालवायला किती दिवस लागतील, हे डॉक्टरही सांगत नव्हते. पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज काढून सावकार मोकळा केला होता. वाट्या-मणी अजून तिथेच होते आणि बाईंच्या गळ्यात काळी पोत होती. दोघी जावांचे बोलणे कामापुरतेच होते. वहीच्या नव्या पानावर वर दिराचे नाव होते, खाली ‘१,४०,०००’ आणि त्याच्यापुढे दुधाच्या पैशांतून दिलेले पहिले तीन हजार.