पोकळीला हात लावू नकोस

प्रिय,

तुझी तिन्ही पत्रं वाचली, फोटो मोठे करून पाहिले. तिन्हींत एकच प्रश्न: हा बॅगपाइप कुणी घडवला, हेंडरसननं की ग्लेननं? आणि शेवटी, जाता जाता, "आतून थोडं घासून घेऊ का?" त्या एका ओळीनं माझी झोप उडवली.

नळ्या आतून घासू नकोस. पोकळीला हात लावू नकोस.

कारागिराच्या शिक्क्याचं आधी उरकतो. जुने कारागीर शिक्का बहुधा चँटरवर, म्हणजे बोटांनी धून वाजवायच्या नळीवर, मारत; ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, बरेचदा कोरेच राहत. गेल्या शंभर वर्षांत बॅगपाइपची पट्टी इतकी चढली की जुने चँटर आजच्या बँडमध्ये जुळेनात. ते बदलले, शिक्का त्यांच्याबरोबर गेला. आता ग्लासगोचा हेंडरसन, एडिंबराचे ग्लेन, ॲबरफेल्डीचा मॅकडूगल ओळखायचे ते कातकामाच्या रेघांवरून, हस्तिदंती कड्यांच्या घडणीवरून. नजर बसायला वर्षं जातात. जाऊ देत, तुझ्याकडे आहेत.

तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे कोकसचा एक संच आला. कोकस म्हणजे कॅरिबियन बेटांवरचं लाकूड. सगळीकडे आफ्रिकन ब्लॅकवूड येण्याआधी ते चालायचं. एका टेनर ड्रोनचा, म्हणजे दोन आखूड ड्रोनपैकी एकाचा, सूर डळमळत होता. मी रीमर, म्हणजे भोक रुंदावायचं हत्यार, आत घातलं. चिमूटभर तपकिरी भुसा निघाला, तळहातावर मावेल एवढा. आवाज मोठा झाला. पण सनईमागचा सूर जसा विरघळून राहतो, तसा तो बासमध्ये, म्हणजे लांब ड्रोनच्या खालच्या सुरात, विरघळायचा, ते कायमचं गेलं. पुढे कळलं, दोष रीडचा, म्हणजे सूर काढणाऱ्या थरथरत्या पातीचा, होता. रीडचा! काढलेलं लाकूड परत कसं भरणार?

तेव्हापासून जुन्या ड्रोनची पोकळी मी रुंदावलेली नाही. गिऱ्हाइकं परत पाठवली. घरचे म्हणाले, हट्टापायी धंदा घालवलास. घालवला असेल. पण ते ड्रोन अजून वाजताहेत, आणि मी बरोबर होतो.

तू आधी रीड बदल. वेताचं घे, त्यावरचा दोऱ्याचा बंध केसभर सरकवून बघ. सांध्यांवरचा दोरा नव्यानं गुंडाळ, मेण लाव. आतून फक्त कोरडं मऊ फडकं फिरव. पिवळं पडलेलं हस्तिदंत उजळायला जाऊ नकोस. आणि सुट्टीत संच पुण्याला न्यायचं मनात असेल तर थांब, हस्तिदंत देशाच्या सीमेपार न्यायला परवाने लागतात.

पॉलिश पेपर आणला असशील तर दुकानात परत कर. रविवारी संच घेऊन ये. तिन्ही ड्रोन आण, एकटा टेनर आणू नकोस. बासशिवाय त्याचं काहीच कळत नाही.