जागेवर सोनेरी नाव छापून द्यायचे असेल, तर वस्तू कोणत्या निवडाव्यात?

आपण साताऱ्यात लग्नसमारंभांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत पाहुण्यांसमोर नाव छापून देण्यासाठी हॉट फॉइलचे, म्हणजे तापलेल्या अक्षरांखाली सोनेरी फीत दाबून नाव उठवणारे, हातयंत्र घेतले आहे, आणि चामडे, रेक्झिन, कापड, लाकूड, प्लास्टिक यांपैकी कशावर काम करावे, तसेच यजमानाने आणलेल्या वस्तूंवर छापून द्यावे का, असे विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यानेच मला लिहायला बसवले. पाहुण्यांना प्रत्यक्ष द्यायच्या त्याच मालातले नग आठवडाभर आधी हाती येऊन तपासले गेले नसतील, तर यजमान कितीही मोठा असो, छापून देऊ नये.

सांगलीत आमचे बाइंडिंगचे दुकान आहे. वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधले आणि त्यांवर सोनेरी अक्षरे उठवली. प्रबंध न्यायला आलेला विद्यार्थी आधी आपल्या नावावरून अंगठा फिरवून पाहत असे, आणि वडील ते होऊ देत व मगच पैसे घेत. पुढे माझ्या चुलतभावाने, ज्यांना मी दादा म्हणतो, तेच काम कार्यक्रमांत नेण्याची कल्पना काढली. कल्पना चांगलीच होती. आमचे मतभेद आहेत ते वस्तूंच्या निवडीवरून.

सांगलीच्याच विश्रामबागेतल्या एका सभागृहात एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता आणि सभासदांना द्यायच्या तीनशे डायऱ्यांवर आम्ही नावे छापायची होती. नमुन्याची जी डायरी आधी आली होती तिच्यावर 110 अंशांना अक्षर सुरेख बसले होते. प्रत्यक्ष माल मात्र कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आठ वाजता आला. रंग तोच, आकार तोच, पण हातात घेताच आवरण मऊ आणि किंचित बुळबुळीत लागले, आणि दाबल्यावर आत स्पंज असल्याचे जाणवले. प्रत्येक खोक्यातली एक डायरी काढून तपासू या, असे मी म्हणालो. दादा म्हणाले, "यजमानाच्या वस्तूला नावे ठेवायची नसतात. नाही चिकटले तर उष्णता वाढव." मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला आजही खुपते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वीसएक डायऱ्या वरवर ठीक दिसल्या. मग एक निवृत्त शिक्षिका आल्या, ज्या रांगेत बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे पूर्ण नाव मी छापले, डायरी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी त्या प्रबंधवाल्या विद्यार्थ्यांसारखाच नावावरून अंगठा फिरवला. अर्धे नाव अंगठ्यावर आले. मी उष्णता 130 वर नेऊन दुसरी डायरी घेतली. या वेळी आवरणच वितळले, खिळ्यांच्या, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षरांच्या, पोटात काळा चिकट लगदा भरला आणि डायरीवर नावाच्या जागी इस्त्री टेकल्यासारखा चकचकीत डाग उरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या, घरी जाऊन मी पेनाने लिहीन." त्यांच्या मागे रांग उभी होती आणि सगळ्यांनी ते पाहिले होते.

हात चुकला, असे दादांचे म्हणणे आहे. हात चुकला नव्हता. उरलेल्या सतरा डायऱ्या मी दुकानात आणल्या आणि 85 अंशांपासून 130 पर्यंत पाच-पाच अंशांनी चढवत, प्रत्येक पायरीवर एक, दोन आणि तीन सेकंद दाब देऊन, एकच शब्द छापत गेलो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठशावर सेलोटेप दाबून उचलली. 115 च्या खाली अक्षर टेपवर येत होते आणि 115 ला आवरण बिघडायला लागत होते. म्हणजे त्या मालावर योग्य उष्णता अशी नव्हतीच.

आपल्या प्रश्नाचा गाभा मला इथे वाटतो. फॉइल म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ फितीवर बसवलेले थर असतात. फितीपासून सुटणारा मेणासारखा थर, रंगीत लाखेचा थर, त्याखाली निर्वात कक्षात वाफेने बसवलेले ॲल्युमिनियम, आणि सर्वांत खाली उष्णतेने जागा होणारा चिकट थर. आपण ज्याला सोनेरी म्हणतो ते पिवळ्या लाखेतून दिसणारे ॲल्युमिनियम असते. उष्णता कमी पडली तर चिकट थर जागा होत नाही. जास्त झाली तर चकाकी मरते आणि अक्षरांची पोटे बुजतात, किंवा खालची वस्तूच बिघडते. प्रत्येक वस्तूचे असे दोन आकडे असतात, धरण्याचा आणि बिघडण्याचा. दुकानात या दोहोंत पाच अंशांचे अंतर असले तरी आम्ही काम काढतो. कार्यक्रमात ते पुरत नाही, कारण तिथे जनरेटरवर विजेचा दाब खालीवर होतो, शेजारी उभा पंखा सुरू असतो, पाहुणे बोलत असतात आणि दोन सेकंदांचे चार कधी होतात ते कळत नाही. म्हणून जिथे हे अंतर किमान वीस अंश आहे, तीच वस्तू समारंभात न्यावी.

या कसोटीवर माझी पहिली पसंती वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याला आहे. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून जसे चामडे कमावतात, त्या जातीचे. वरून जाड रंगलेप नसावा. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मुरला आणि डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे, आणि थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर मेण, तेल किंवा लेप आहे व फॉइल धरेल याची खात्री देता येत नाही. या चामड्याचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षांच्या वापराने सोनेरी उडाले तरी दाबलेले अक्षर चामड्यात उरते, आणि नाव नाहीसे होत नाही. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडेही चालते, पण ते दाब तितका धरून ठेवत नाही. कापलेल्या कडेला आत निळसर करडा रंग दिसला तर ते बहुधा क्रोमचे समजावे. तेल मुरवलेले, वाकवल्यावर फिकट होणारे चामडे दिसायला देखणे असते, पण फॉइलला ते नको.

बाइंडिंगचे चांगले रेक्झिन विश्वासाचे आहे आणि त्यावर आमच्या घराची दोन पिढ्यांची भाकरी निघाली आहे, मात्र ते पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेले हवे, स्पंजावर ताणलेले नको. स्पंज दाबाखाली खचतो, यंत्र उचलताच फुगतो आणि न थिजलेले फॉइल तडकते. मॅट लॅमिनेशनच्या, म्हणजे वर बिनचमकीचे पातळ प्लास्टिक चिकटवलेल्या, डायऱ्या टाळाव्यात, कारण उष्णतेने आवरणाखालचा गोंद सैल होऊन फुगे येऊ शकतात. कापडी पिशव्यांवर फॉइल फक्त धाग्यांच्या उंचवट्यांवर बसते आणि धुण्यात जाते. मखमली डब्यांचेही तसेच. लाकडाचा सपाट, बारीक पोताचा, पॉलिश न केलेला तुकडा चालतो. प्लास्टिकपैकी पॉलिप्रॉपिलीनच्या वस्तूंना साधे फॉइल धरतच नाही.

देवनागरीत नाव छापणार असाल तर पृष्ठभागाविषयी अधिक काटेकोर राहावे लागेल. दाणेदार चामड्यावर रोमन अक्षर एखाद्या ठिकाणी तुटले तरी डोळा ते सांधून घेतो, पण शिरोरेषा जिथे तुटते तिथे नजर अडतेच. ज्ञानेश्वर किंवा श्रीकृष्ण हे नाव बारीक खिळ्यांत आणि खरखरीत पोतावर छापले, तर जोडाक्षराचा आतला भाग बुजून जातो. म्हणून देवनागरीसाठी गुळगुळीत पृष्ठभाग आणि मोठे खिळे घ्यावेत, आणि ते पितळेचेच असावेत, कारण शिशाचे खिळे उष्णता आणि दाब यांनी लवकर झिजतात.

वस्तू शक्यतो एकाच थराच्या ठेवाव्यात. बॅगेचा टॅग, किल्ल्यांना अडकवायचा चामड्याचा तुकडा, पुस्तकखूण. शिवलेल्या पाकिटावर छापायचेच झाले तर आतल्या कप्प्यात जाड पुठ्ठा सरकवून शिलाई ठशाच्या कक्षेबाहेर राहील असे पाहावे. पाहुण्याने स्वतःची पर्स पुढे केली, तर नम्रपणे नाही म्हणावे. ती पर्स कुणाची भेट आहे, कुणाची आठवण आहे, हे आपल्याला माहीत नसते.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. मी दिलेले आकडे माझ्या यंत्राचे आहेत, आणि यंत्रावर दिसणारी उष्णता व खिळ्याच्या टोकाची उष्णता यांत सहज दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. फॉइलही चामड्याचे, कागदाचे, प्लास्टिकचे वेगवेगळे मिळते, आणि त्या डायऱ्यांवर प्लास्टिकसाठीचे फॉइल कदाचित थोडे बरे बसले असते, हे मान्य केले पाहिजे. तरीही आठ वाजता आलेल्या मालासाठी फॉइल त्या रात्री कुठून आणणार होतो? पावसाळ्यात चामडे आणि हातकागद दमट होतात, तेव्हा कार्यक्रमाच्या सकाळी त्याच जागी एक ठसा पुन्हा काढून पाहावा.

आता आमच्या कोटेशनमध्ये एक अट छापलेली असते. छापायच्या वस्तूंपैकी दहा नग, प्रत्यक्ष वाटायच्या त्याच खोक्यांतून काढलेले, सात दिवस आधी दुकानात पोहोचले पाहिजेत. या अटीमुळे दोन कामे हातची गेली, असे दादा म्हणतात, आणि ते खरे आहे. त्या सतरा डायऱ्यांपैकी एक मी काउंटरच्या खणात ठेवली आहे. तिच्यावर 85 पासून 130 पर्यंतचे सगळे ठसे ओळीने आहेत. आपण सांगलीला आलात तर यंत्रापुढे बसण्याआधी त्यांवरून एकदा अंगठा फिरवून पाहावा.