सध्याच्या साहेबांचं नाव फॉर्ममध्ये द्यायचं का?

चाकणच्या एका कारखान्यात सप्लायर क्वालिटी बघणाऱ्या ताई समुपदेशनाला आल्या, तेव्हा मोबाइलवर फॉर्म उघडाच होता. रांजणगावच्या कंपनीत दुसरी फेरी झाली होती आणि एचआरने दोन रेफरन्स मागितले होते, त्यातला एक सध्याच्या रिपोर्टिंग मॅनेजरचा. "नाव दिलं तर उद्या साहेबांच्या कानावर जाईल. नाही दिलं तर यांना वाटेल, हिचं काहीतरी काळंबेरं आहे." फ्लॅटचा हप्ता डोक्यावर असताना ही धास्ती खरीच असते. त्यातून चाकण, भोसरी, रांजणगावात क्वालिटीची माणसं फिरून फिरून एकमेकांना भेटतात.

रेफरन्स आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन यांत बरेचजण गल्लत करतात. रेफरन्स म्हणजे तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला केलेला फोन. व्हेरिफिकेशनमध्ये बहुधा बाहेरची एजन्सी थेट कंपनीच्या एचआरला मेल टाकून तारखा आणि हुद्दा पडताळते. बिंग फुटतं ते बऱ्याचदा इथे.

ताईंच्या फॉर्ममध्ये "सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू शकतो का?" या प्रश्नापुढे "होय" आधीच निवडलेलं होतं. ते "नाही" केलं. तेवढ्याने भागत नाही. शेवटच्या पानावरच्या संमतीपत्रात आजी-माजी सगळ्या कंपन्यांकडे चौकशीची सरसकट परवानगी होती, आणि त्याखाली सही होती. म्हणून एचआरला वेगळा मेल लिहायला सांगितला: "माझी सध्याची नोकरी चालू आहे. कृपया राजीनामा मंजूर झाल्याचं मी कळवेपर्यंत या कंपनीशी आपण किंवा आपल्या एजन्सीने संपर्क करू नये. तोवर दुसरे दोन रेफरन्स देते." यात खटकण्यासारखं काही नाही. एचआरला अशी विनंती नवी नसते.

मग नावं कोणाची? पहिलं, मागच्या कंपनीतल्या थेट वरिष्ठांचं. दुसरं, सध्याच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या एखाद्या सिनिअरचं. त्यांनी आजचं काम पाहिलेलं असतं आणि साहेबांशी त्यांचा रोजचा संबंध उरलेला नसतो. ताईंच्या मनात एका व्हेंडरचं नाव होतं. तिथे मात्र स्पष्ट नको म्हटलं. ज्याचा माल आपण पास-रिजेक्ट करतो, त्याच्या शिफारशीला वजन नाही, आणि तो माणूस दर आठवड्याला आपल्याच परचेसमध्ये बसलेला असतो.

नाव देण्याआधी त्या माणसाला फोन करायचाच: कंपनी कोणती, पद कोणतं, कोणत्या दोन-तीन कामांबद्दल बोलावं, आणि बाहेर वाच्यता नको. न सांगता दिलेल्या नावाला अनोळखी नंबरवरून फोन गेला की तो उचलला जात नाही, किंवा "हो, होत्या आमच्याकडे" एवढंच उत्तर मिळतं.

सध्याच्या नोकरीच्या पुराव्यासाठी तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, नेमणूकपत्र, फॉर्म 16 आणि पीएफचं पासबुक दिलं. पासबुकात कंपनीचं नाव आणि दर महिन्याचा भरणा दिसतो, कोणाला विचारावं लागत नाही. सीव्हीतल्या तारखा मात्र पीएफच्या नोंदीशी जुळवून घ्याव्या लागल्या. मागची कंपनी सोडल्याचा महिना ताईंनी अंदाजाने लिहिला होता.

सगळ्यात जास्त वेळ क्रमावर गेला. बहुतेक ऑफर लेटरमध्ये "पडताळणी समाधानकारक झाल्यास" अशी अट असते. म्हणून शिक्षण आणि जुन्या कंपन्यांची पडताळणी आधी उरकून घ्या, ती झाल्याचं लेखी मागा आणि मगच राजीनामा द्या, असं त्यांना सांगितलं. तोंडी "झालंच समजा" यावर राजीनामा टाकला आणि जुन्या नोकरीच्या तारखांवर घोडं अडलं, तर माणूस दोन्हीकडून लटकतो.

ताईंनी तसंच केलं. राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आला त्या दिवशी त्यांनी साहेबांना स्वतःच सांगितलं की या आठवड्यात एजन्सीकडून विचारणा येईल, आणि मग रांजणगावला कळवलं, "आता संपर्क करायला हरकत नाही."