गोल्डफिशने बाग खाल्ली, आता काय लावू?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या तीन फुटी टाकीत चार गोल्डफिश, दोन सिल्व्हर डॉलर आणि एक सकर आहे. हौसेने कबोम्बा, व्हॅलिसनेरिया आणि अमेझॉन स्वोर्ड लावलं. आता कबोम्ब्याच्या नुसत्या काड्या उरल्यात, व्हॅलिसनेरिया मुळासकट वर तरंगतं आणि स्वोर्डची पानं जाळीदार झालीत. खाणं दोन वेळा देतो, तरी हाच प्रकार. मुलगा म्हणतो, सरळ प्लास्टिकची झाडं लावा. काय करू?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमच्या टाकीत चोर एक नाही, तीन आहेत, आणि तिघांची चोरीची तऱ्हा वेगळी.

कबोम्ब्याच्या काड्या पाहून माझा पहिला संशय सिल्व्हर डॉलरवर. दक्षिण अमेरिकेतला हा मासा पिरान्हाच्या कुळातला, पण मुख्यतः शाकाहारी. झाडं त्याचं जेवणच आहे, त्याला वळण लावायच्या भानगडीत पडू नका. शिवाय तो वाढतो सहा इंचांपर्यंत आणि त्याला स्वतःचा घोळका लागतो. दुकानदार परत घेतो का विचारा. कंटाळून अंबाझरी किंवा फुटाळा तलावात मात्र सोडू नका बाप्पा!

जाळी सकरची. दिवा मालवला की तो रुंद पानाला चिकटतो आणि वरचा हिरवा थर खरवडतो. पान उजेडाकडे धरून पाहा, शिरा शाबूत आणि मधला भाग कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक दिसेल. पान पिवळं पडून लिबलिबीत झालं असेल तर सकरला बोल लावू नका. नर्सरीत स्वोर्ड बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे टाकीत आल्यावर जुनी पानं सडतात आणि मग पाण्यातली नवी फुटतात. सकरला रात्री काकडीची चकती काट्याला टोचून द्या आणि सकाळी उरलेली काढून घ्या.

राहिले गोल्डफिश. ते कोवळं पान खातातच, पण त्यांची खरी खोड उकरण्याची. तोंडात खडी घेतात, चघळतात, थुंकतात, त्यात व्हॅलिसनेरिया उपटून येतं. म्हणून खडीत लावायचंच नाही. अनुबियास आणि जावा फर्न आणा. यांची पानं चिवट असतात, माशांना फारशी रुचत नाहीत. दोऱ्याने ड्रिफ्टवूडला (टाकीत ठेवायच्या लाकडाला) किंवा दगडाला बांधा. आडवं जाड खोड खडीत पुरलं तर कुजतं, ते उघडंच राहू द्या. जावा फर्नच्या पानाखाली काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो रोग नाही.

दाणे वाढवू नका, त्याने पाणीच घाण होईल. त्यांना हिरवं द्या. मटारचा दाणा उकडून, साल काढून, चुरून. पालकाचं पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून. हायड्रिला हे पाणगवतही त्यांच्याच नावाने ठेवा. बाल्कनीतल्या बादलीत ते भराभर वाढतं, एक जुडी टाकीत टाकायची, फस्त झाली की दुसरी. तळ्यातून मात्र उपटून आणू नका, सोबत गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या येतात. त्या अळ्या लहान मासे धरतात.

आणि आपलं ऊन! पाणी तापलं की माशांची भूक वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, जावा फर्नही फार गरम पाण्यात काळवंडतं. टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा. आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात तो कूलरच्याच तत्त्वावर पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. पाऊस सुरू झाला की उपयोग कमी होतो. आटलेल्या पाण्याची भर रोज घाला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून.

मुलाचा हट्टच असेल तर प्लास्टिकऐवजी मऊ कापडी झाडं घ्या. कडक पात्यांवर गोल्डफिशचे पर फाटतात.