ताप उतरला तरी नाडीवर बोट ठेव

डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "सर, ताप उतरला होता, सकाळी चहासुद्धा घेतला, मग दुपारी म्हातारी गेली कशी?" हा एकच प्रश्न तू तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं विचारलायस. कागदावर न्यूमोनिया लिहिलंय आणि ईसीजी काही निघाला नव्हता. तेव्हा त्या म्हातारीचं नेमकं काय झालं, हे मी अंबाजोगाईत बसून सांगणार नाही. पण न्यूमोनियाचा पेशंट सुधारता सुधारता असा पटकन जातो, तेव्हा माझा पहिला संशय हृदयावर असतो.

२०१२ सालचा एक अभ्यास मी वॉर्डात पोरांना कायम सांगायचो. अमेरिका-कॅनडातले न्यूमोनियाचे पेशंट. १३४३ भरती झालेले, ९४४ घरी राहून औषध घेतलेले. भरती झालेल्यांपैकी २६.७ टक्के लोकांना हृदयाचं काहीतरी झालं. कुणाचं हार्ट फेल्युअर नव्यानं सुरू झालं किंवा जुनं बळावलं, कुणाचे ठोके बिघडले, कुणाला अटॅक आला. घरी राहिलेल्यांत हे प्रमाण २.१ टक्के. आणि भरती झालेल्यांत हे जे झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या चोवीस तासांत, आणि जवळजवळ नव्वद टक्के पहिल्या आठवड्यात. आपली माणसं वेगळी आहेत. बिडी-तंबाखू आणि चुलीच्या धुरानं आधीच पोखरलेली. म्हणून टक्केवारी जशीच्या तशी उचलू नकोस, पण घड्याळ तेवढं लक्षात ठेव.

कारण समजायला अवघड नाही. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि मोटार चालूच असते, तसं होतं. नाडी १२० वर, अंगात ताप, म्हणजे हृदयाची मागणी वाढलेली. आणि फुफ्फुसात पू, म्हणजे ऑक्सिजन कमी. त्यात अंगभर दाह असतो, त्यामुळे रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं गुपचूप बसलेली चरबीची गाठ फुटून तिथं गुठळी धरू शकते. न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, त्याचं विष तर हृदयाच्या स्नायूला थेट इजा करतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

हे झालं जंतूचं. आता आपण काय करतो ते सांगतो.

"एक सलाईन लावा की वो डॉक्टर, आंगात ताकदच नाही राह्यली." हे तू दिवसातून दहा वेळा ऐकत असशील. सलाईन न लावणारा डॉक्टर आपल्याकडे डॉक्टरच नसतो. मीही लावायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, ज्या दवाखान्यात होतो त्याचं नाव नको, सत्तरीचे एक शेतकरी आले. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग धरलेला. अँटिबायोटिक सुरू केलं, आणि नातेवाइकांच्या समाधानासाठी दिवसभरात तीन बाटल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मी खूश. रात्री सिस्टरनं उठवलं, म्हणाली, "बाबा आडवेच होईनात, बसूनच आहेत." मी झोपेतच म्हणालो, न्यूमोनिया आहे, दम लागणारच, ऑक्सिजन वाढवा. ती गेली आणि अर्ध्या तासानं परत आली. म्हणाली, "सर, नाडी बघून घ्या एकदा, मला काही नीट वाटंना." नाडीला काही ताल-सूरच नव्हता. मानेची शीर फुगलेली. सकाळी स्टेथोस्कोपला उजवीकडेच ऐकू आलेली चरचर आता दोन्हीकडे, पार खालपासून मधापर्यंत. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल फडफडत होते, आणि माझ्या तीन बाटल्या फुफ्फुसात. लघवी वाढवून पाणी उतरवणारं लॅसिक्स दिलं, लघवी झाली, पहाटे म्हातारबा टेकून झोपले. ते वाचले ते त्या सिस्टरमुळे.

म्हणून सलाईनला घाबर असंही मी म्हणत नाही. बीपी पडलंय, लघवी आटलीये, हातपाय गार पडलेत, तर पाणी द्यावंच लागतं. मात्र २५० मिली दे, स्टेथोस्कोप पाठीला लाव, श्वास मोज, मग पुढचे २५०. बीपी बरं आहे आणि पेशंट तोंडानं पितोय, त्याला बाटली कशाला? नातेवाइकांना पेज करून आणायला सांग. भांडतील थोडे.

न्यूमोनियात दम आधीपासूनच असतो, त्यामुळे नवा दम जुन्यात लपतो. मी असा ओळखायचो: ताप उतरतोय आणि श्वास वाढतोय, म्हणजे दोघांची वाट वेगळी झाली. आडवं झाल्यावर जास्त होतो का? नाडी तापाच्या मानानं फार आहे का? आणि मनगटावर पूर्ण एक मिनिट बोट ठेव. ऑक्सिमीटर नाडीचा आकडा देतो, ताल सांगत नाही. साखरेच्या पेशंटच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. ते नुसते बरळायला लागतात, नाहीतर जेवण सोडतात.

ईसीजी भरतीच्या वेळी काढ, दुसऱ्या दिवशी काढ, आणि काही नवं वाटलं की पुन्हा काढ. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं आलं म्हणून लगेच गुठळीचं इंजेक्शन भरू नकोस. ऑक्सिजन कमी आणि नाडी फार, एवढ्यानंही ते वाढतं, तेव्हा आधी तेच सुधार. ईसीजीवरची एसटी ही रेघ वर उचललेली दिसली, म्हणजे मोठ्या अटॅकची खूण, तर मात्र वेळ घालवू नकोस, फोन कर आणि गाडी काढ.

त्याच ईसीजीवर क्यूटी मोज, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या खालच्या कप्प्यांचं विजेचं चक्र पुरं व्हायला लागणारा वेळ. तो फार लांबला की ठोके जीवघेणे बिघडू शकतात. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आपण गोळ्या-बिस्किटासारखं लिहितो. त्यात उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, लॅसिक्समुळे उतरलेलं पोटॅशियम, कुणी लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिकही जोडतं. हे सगळे मिळून क्यूटी लांबवतात. नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ही औषधं थांबव. (लिव्होफ्लॉक्सासिनचं आणखी एक: त्यानं टीबी थोडा दबतो आणि त्याचं निदान लांबतं. आपल्या भागात हे परवडत नाही.) चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायकांना दर दोन तासांनी नेब्युलायझर लावतात, त्यानंही नाडी पळते. लागेल तेवढंच लाव.

घरच्या गोळ्यांची पुडी मागवून घे. बहुतेकदा ती घरी फळीवर राहते, कारण "आता दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत ना". अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन असंच बंद पडतं. बीपी पडलं असेल तर बीपीची गोळी थांबव, पण कुठली थांबवली आणि कधी सुरू करायची ते डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिही.

डिस्चार्जनंतरही प्रकरण संपत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या लोकांत न्यूमोनियानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत अटॅक, पक्षाघात वगैरेंचा धोका साधारण चौपट दिसला, आणि वाढलेला धोका पुढे काही वर्षं रेंगाळला. तुझ्याकडचा माणूस चौथ्या दिवशी घरी जातो आणि आठव्या दिवशी टोळीबरोबर कोयता घेऊन फडात असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्याला थांब म्हणून तो थांबणार नाही. निदान दोन आठवड्यांनी नाडी-बीपी तपासायला, फड जिथं आहे तिथल्याच दवाखान्यात जायला सांग, आणि सोबत ईसीजी दे. मूळ कागद देऊ नकोस, तो उन्हात आणि घामात महिन्याभरात कोरा होतो. झेरॉक्स दे.

तुझा,
सर