दहा गाई, 43,200 रुपये आणि क जीवनसत्त्वाची भुकटी

संगमनेर तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, गोठ्यातील दहा संकरित गाईंसाठी क जीवनसत्त्वाच्या भुकटीची वर्षभराची योजना घ्यावी का. खर्च दर गाईमागे महिना 400 रुपये, म्हणजे वर्षाला 48,000 रुपये. सगळी रक्कम आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट मिळून ती 43,200 रुपयांवर येते आणि त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडण्याचा त्यांचा विचार आहे. दुधाला त्यांना सध्या लिटरमागे 32 रुपये मिळतात. विक्रेत्याने त्यांना उन्हाळ्यातील कुक्कुटपालकांचे उदाहरण दिले आहे.

माझ्या मते ही ठेव मोडू नये.

43,200 रुपये नुसते वसूल व्हायचे, तरी 1,350 लिटर जादा दूध हवे, म्हणजे गाईमागे 135 लिटर. वेताचे सुमारे 300 दिवस धरले, तर प्रत्येक गाईने रोज अर्ध्या लिटरला थोडे कमी इतके दूध वाढवून द्यायला हवे आणि तेही केवळ या भुकटीमुळे. आटलेली गाय दूध देत नाही, पण योजनेतील भुकटी त्या दोन महिन्यांतही खाते, हेही हिशेबात धरावे.

आता ही वाढ मिळण्याची शक्यता किती, ते पाहू. माणसाला क जीवनसत्त्व आहारातूनच मिळवावे लागते. गाय मात्र ते स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून तयार करते. शिवाय तोंडावाटे दिलेले साधे क जीवनसत्त्व बहुतांशी कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवच संपवून टाकतात, त्यामुळे पैसे मोजलेल्या मात्रेतील फारच थोडा भाग गाईच्या रक्तापर्यंत पोहोचतो. कोटीपोटात टिकून राहणारी, आवरण दिलेली उत्पादने असतात. आपल्याला देऊ केलेली भुकटी तशी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कोंबडीला कोटीपोट नसते, आणि कडक उन्हात तिच्या शरीरात तयार होणारे क जीवनसत्त्व गरजेला अपुरे पडू शकते, म्हणून कुक्कुटपालक उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत ते पाण्यातून किंवा खाद्यातून देतात. त्या मोसमी खर्चावरून दहा गाईंच्या वर्षभराच्या खर्चाचे समर्थन होत नाही. (घरात गिनीपिग पाळले असते, तर मी एवढा हिशेब मांडलाच नसता, त्याला क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, ते द्यावेच लागते.)

आगाऊ रकमेवरील सूट 4,800 रुपयांची आहे आणि ती आकर्षक दिसते, परंतु त्या बदल्यात आपण तीन गोष्टी सोडता: ठेवीवरील व्याज, उपयोग दिसला नाही तर खर्च थांबवण्याची मोकळीक, आणि मालाच्या दर्जाची खात्री, कारण क जीवनसत्त्व उष्णता, ओलावा व हवेच्या संपर्कात आपला गुण गमावते आणि वर्षभराचा साठा गोठ्याशेजारच्या खोलीत पडून राहणार आहे. आजारी जनावराला पशुवैद्यकाने क जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सुचवले, तर तो उपचाराचा खर्च समजून जरूर करावा; त्याला वर्षभराच्या योजनेची गरज नाही.

तरीही करून पाहायचेच असेल, तर एका महिन्याचा माल सुटा घ्यावा. एकाच सुमारास व्यालेल्या गाईंच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकीलाच भुकटी द्यावी आणि दोन्ही वेळचे दूध गाईनिहाय मोजून वहीत लिहावे. व्याल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी दूध आपोआप उतरू लागते, त्यामुळे एकाच गाईच्या आधीच्या व नंतरच्या दुधाची तुलना फसवी ठरते. पाच गाईंचा हा खर्च 2,000 रुपये होईल आणि तो महिन्याच्या दुधाच्या पगारातून भागावा.

ठेवीला हात न लावता जी रक्कम आपण दरमहा बाजूला काढू शकता, तिच्यातून आधी खनिज मिश्रण, गोठ्यावर सावली व पंखे, आणि कासदाहाची वेळीच तपासणी हे खर्च करावेत. गाईंचा विमा उतरवला आहे की नाही, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. तो नसेल, तर अनुदानित पशुधन विमा योजना सध्या चालू आहे का, याची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याच आठवड्यात करावी.