उद्याची भाकरी काढली की आजचीही जाते!

प्रश्न: नमस्कार ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी मावशी ऐरोलीत डबे देते, तिच्यासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितोय. आजच्या ऑर्डरवरून उद्याची बनवायला मी सरळ 'उद्या = आज' लिहिलं, तर उद्याची भाकरी काढली की आजचीही गायब. मग कॉपी मॉड्यूलमधलं कॉपी वापरलं, आता तारीख वेगळी राहते पण पदार्थांची लिस्ट अजून दोन्हीकडे बदलते. अर्धंच का कॉपी होतंय?
– एक वाचक, कळवा

उत्तर: अरे, पहिल्या वेळी कॉपी झालीच नव्हती. स्टेशनबाहेर घराची डुप्लिकेट चावी करून घेतली म्हणून दुसरा फ्लॅट मिळत नाही ना, तसंच, ऑब्जेक्ट (म्हणजे मेमरीतली खरी ऑर्डर) एक आणि नावं दोन. 'आज इज उद्या' प्रिंट करून बघ, ट्रू येईल.

दुसऱ्या वेळी ऑब्जेक्ट खरंच नवीन झाला, पण त्याच्या आतले रेफरन्स, म्हणजे लिस्ट वगैरे कुठे आहे ते दाखवणारे पत्ते, जसेच्या तसे उचलले गेले, यालाच शॅलो कॉपी म्हणतात. मग तारीख कशी वेगळी राहिली? कारण तारखेला तू नवीन व्हॅल्यू दिलीस, त्यामुळे उद्याच्या ऑर्डरचं ते फील्ड दुसऱ्या व्हॅल्यूकडे वळलं. भाकरी काढताना तू रिमूव्ह वापरलंस, म्हणजे लिस्ट तीच ठेवून तिच्या आतच बदल केलास, आणि ती लिस्ट दोन्ही ऑर्डरची सामायिक आहे. हा फरक नीट डोक्यात बसव, सगळा गोंधळ इथेच होतो.

आता कोणीही सांगेल की डीपकॉपी वापर. चालेल, ते आतपर्यंत सगळं नवीन बनवतं, आणि ऑब्जेक्ट एकमेकांकडे गोल फिरून बोट दाखवत असले तरी अडकत नाही कारण आधी कॉपी केलेल्याची नोंद ठेवतं. पण तुझ्या ऑर्डरमध्ये ग्राहकाचा ऑब्जेक्टही असणारच, तर डीपकॉपी त्या ग्राहकाचाही जुळा भाऊ बनवेल, मग ग्राहक काकूंनी फोन नंबर बदलला की एका ऑर्डरमध्ये नवा आणि दुसरीत जुना. मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण लगेच दिसत नाही.

म्हणून ऑर्डर क्लासमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या साच्यात, स्वतःची एक मेथड (त्या साच्यातलं फंक्शन) लिही, 'उद्यासाठी' असं काहीतरी नाव दे. ग्राहक तोच ठेव, पदार्थांची लिस्ट मात्र 'लिस्ट(सेल्फ.पदार्थ)' अशी नवीन कर. पदार्थ नुसत्या स्ट्रिंग असतील तर एवढं पुरतं, स्ट्रिंग बदलतच नाही. पण पदार्थाचाही क्लास असेल आणि त्यात नग बदलणार असतील तर प्रत्येक पदार्थाची वेगळी कॉपी लागेल.

पुढे जावा शिकशील तेव्हा तिथली कॉपी करणारी क्लोन मेथडही मुळात शॅलोच असते, तिथे मी कॉपी कन्स्ट्रक्टरच लिहिते, म्हणजे जुन्या ऑब्जेक्टवरून नवीन कसा बनवायचा ते स्वतःच ठरवते.

आणि मावशीला दाखवायच्या आधी उद्याच्या लिस्टमध्ये एक थालीपीठ टाकून आजची लिस्ट प्रिंट कर, तिथे ते दिसता कामा नये.